नवख्याची खुर्ची ठेवायची की काढायची?

आमच्या घरात टीम चालवणारी दोन माणसं आहेत. माझी बायको ऐरोलीतल्या एका कंपनीत विमा व्यवसायाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीमची प्रमुख आहे. आसनगावहून लोकलने ठाणे आणि तिथून ट्रान्स हार्बरने ऐरोली, असा तिचा रस्ता. माझा धाकटा भाऊ पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो, पण महिन्यातला बराच काळ मुरबाड तालुक्यात, धसईजवळच्या आमच्या गावच्या घरातूनच. तो तिला वहिनी म्हणतो, ती त्याला भावोजी. इथेही तीच नावं ठेवली आहेत. मी शहापुरात अकरावी-बारावीला गणित शिकवतो. माझे काही विद्यार्थी पुढे आसनगावच्या जोंधळे कॉलेजात, सापगावच्या आलमुरी रत्नमाला संस्थेत किंवा आटगावजवळच्या ओम गुरुदेव कॉलेजात इंजिनिअरिंगला जातात. त्यामुळे नवख्यांना घ्यायचं की नाही, या त्या दोघांच्या वादात मी नुसता श्रोता नाही.

पौषात म्हशाच्या यात्रेसाठी घर भरलं होतं तेव्हा हा विषय निघाला. भावाने आपली टीम चौदा जणांवरून सहावर आणली होती आणि त्या वर्षी एकही फ्रेशर घेतला नव्हता. वहिनीला हे पटलेलं नव्हतं.

भावोजी: वहिनी, चौदा माणसांत दोघादोघांच्या जोड्या किती होतात ते दादाला विचारा. एक्याण्णव. सहा माणसांत पंधरा. टीम लीडचा अर्धा जन्म या जोड्या सांभाळण्यात जातो. याला सांगितलं ते त्याला कळलं का, त्याने बदललं ते हिला माहीत आहे का. फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्येच लिहून ठेवलं की उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसं घातली की तो आणखी लांबतो. आपण पन्नास वर्षं त्या माणसाचं नाव घेतलं आणि वागलो उलट, कारण आपल्याकडे बिलिंग डोक्यांवर चालायचं. आता स्क्रीन बांधणं, टेस्ट केस लिहिणं, जुना डेटा नव्या टेबलांत हलवणं ही सगळी कामं एआय एजंट करतो. ती कामं करायला घेतलेली माणसं मी काय सांगून ठेवून घेऊ?

वहिनी: जोड्या कमी झाल्या, मान्य. पण एजंट जे लिहितो ते वाचतं कोण? तुमचे सहा जणच ना? पूर्वी माणूस दिवसाला दीडशे ओळी लिहायचा आणि दुसरा माणूस त्या वाचायचा. आता रिव्ह्यूला दोन हजार ओळी येऊन पडतात. माणसाच्या वाचण्याचा वेग काही वाढलेला नाही. मग शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी 'ठीक दिसतंय' असं लिहून मोकळा होतो. गूगलच्या पिचाईंनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की त्यांच्या नव्या कोडपैकी पाव भागाहून जास्त एआय लिहितो. सगळ्यांनी तेवढंच लक्षात ठेवलं. इंजिनिअर तो तपासून मंजूर करतात, हेही ते त्याच दमात म्हणाले होते.

भावोजी: तपासतो ना आम्हीही. आणि वेग खरोखर वाढतो, हे मोजून झालेलं आहे. मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅक्सेंचर आणि आणखी एका मोठ्या कंपनीतल्या ४,८६७ डेव्हलपरांवर प्रयोग झाला. एआयची मदत मिळालेल्यांची पूर्ण झालेली कामं सुमारे २६ टक्क्यांनी जास्त निघाली.

वहिनी: त्याच अभ्यासात फायदा जास्त कुणाला झाला, सांगा की.

भाऊ थांबला. त्याला उत्तर माहीत होतं.

वहिनी: कमी अनुभवाच्या लोकांना. म्हणजे हे साधन हातात दिल्यावर ज्यांची मजल सगळ्यात जास्त वाढते, त्यांनाच तुम्ही दारात उभं करत नाही. उलट २०२५ मध्ये मेटर या संस्थेने सोळा मुरलेल्या डेव्हलपरांना त्यांच्याच प्रकल्पातली २४६ कामं दिली. एआय वापरल्यावर त्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला, आणि काम संपल्यावरही आपण २० टक्क्यांनी लवकर उरकलं असंच त्यांना वाटत होतं. नुसत्या सीनिअर लोकांची टीम म्हणजे वेगाची हमी, हे कुठून काढलंत?

भावोजी: सोळाच माणसं होती ती, आणि साधनं त्या वर्षाच्या सुरुवातीची. आज तीच मोजणी केली तर आकडा वेगळा येईल.

वहिनी: येईलही. पण स्वतःच्या वेगाबद्दल माणूस स्वतःला किती फसवतो, तो भाग नाही बदलायचा. टीम लीडने 'लवकर झालं असं वाटतंय' यावर जाऊ नये. काम हातात घेतल्यापासून ते प्रॉडक्शनमध्ये महिनाभर न अडखळता चालेपर्यंत किती दिवस गेले, तेवढंच मोजावं.

इथे मला बायकोच्या टीममधली एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिचं म्हणणं त्यातून आलेलं आहे. विम्याचा हप्ता चुकला तर भरायला सवलतीची मुदत मिळते. हप्ता महिन्याचा असेल तर पंधरा दिवस, तिमाही, सहामाही किंवा वार्षिक असेल तर तीस. हा हिशोब नव्याने लिहायचा होता. एजंटने लिहिला, त्याच्या टेस्टही त्यानेच लिहिल्या. सगळ्या हिरव्या. रिव्ह्यू करणाऱ्या अनुभवी माणसाने कोडची मांडणी पाहिली, ती नीटनेटकी होती, म्हणून कोड मंजूर केला. पण कोडने सगळ्यांना सरसकट तीस दिवस धरले होते आणि टेस्टनीही तेच तीस दिवस बरोबर धरले होते. क्लायंटकडे चाचणीला जाण्याच्या आदल्या दिवशी ही चूक खर्डीच्या एका मुलीने पकडली. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. वहिनीने तिच्याकडून पहिल्या महिन्यात हप्त्यांचं कॅलेंडर हाताने, कागदावर करून घेतलं होतं, आणि तिच्या घरची पॉलिसीही मासिक हप्त्याची होती.

भावोजी: चूक एजंटची नव्हती, काम सांगणाऱ्याची होती. अपेक्षा लिहून देताना पंधरा आणि तीसचा फरक लिहायला हवा होता. मी तेच तर म्हणतोय. लीडचं काम आता हेच. काय हवं ते इतकं नेमकं लिहायचं की यंत्राला अंदाज बांधायला जागाच राहू नये. मी दिवसाचे तीन-चार तास तेच करतो. चौदा जणांच्या मागे धावताना हे कधी जमलं नव्हतं.

वहिनी: आणि तुम्हाला नेमकं लिहिता का येतं, भावोजी? तुम्ही पहिली चार वर्षं बँकेच्या रिपोर्टांचे बग काढलेत म्हणून. व्याजाच्या हिशोबात पूर्णांकनाचा घोळ कुठे होतो, महिनाअखेरीला काय तुटतं, लीप वर्षात काय होतं, हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही. रात्री बसून निस्तरलंत, तेव्हा कळलं. तुमच्यानंतर असं लिहून देणारा माणूस तुमच्या टीममध्ये कुठून येणार?

भावोजी: बाजारातून. दुसरीकडून अनुभवी माणूस घेऊ.

वहिनी: सगळ्यांनी असंच म्हटलं तर तो दुसरीकडे तयार कसा होईल? अमेरिकेतल्या पगारपत्रकांवरून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवलं की एआयचा जास्त वावर असलेल्या कामांत २२ ते २५ वयाच्या मुलांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटला. मोठ्यांचा टिकला. प्रत्येक लीड आपल्यापुरता शहाणपणाने वागतोय, आणि सगळे मिळून पाच-सात वर्षांनंतरचे सीनिअर आज संपवतायत.

मला वाटतं, त्या संध्याकाळी बोललं गेलेलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. आमच्या भागात त्याचा अर्थ फार स्पष्ट आहे. शहापूर-मुरबाडच्या मुलांना मोठ्या कंपनीत वरच्या दाराने कुणी बोलावत नाही. ओळखी नसतात, इंग्रजी अडखळतं, मुरबाडला तर अजून रेल्वेही नाही, एसटीने कल्याण गाठावं लागतं. त्यांच्यासाठी एकच दार होतं, फ्रेशरचं. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. त्यात जमीन गेल्यावर आलेल्या पैशांतून मुलाच्या इंजिनिअरिंगची फी भरलेली घरं माझ्या माहितीत आहेत. त्या घरांना 'आता जुनिअर लागत नाहीत' हे कोण सांगणार?

पण भावाची बाजू मी हलकी करणार नाही. त्याच्यावरचं ओझं खरं आहे.

भावोजी: वहिनी, तुम्ही म्हणता ते समाजाच्या हिशोबाने बरोबर असेल. मला दर तिमाहीला क्लायंटला तोंड द्यावं लागतं. तो पहिला प्रश्न विचारतो, एआय वापरता ना? मग दर का कमी होत नाही? टीसीएसने जुलै २०२५ मध्ये बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर माझ्या फ्रेशरचा पगार मी कुठे दाखवू? त्याचे पहिले सहा महिने बिलिंग होत नाही, वर माझ्या दोन सीनिअर लोकांचा वेळ जातो. आणि एक सांगू? जुन्या पद्धतीत आपण फ्रेशरला शिकवत होतो असं म्हणणंही खरं नाही. बहुतेकांची दोन वर्षं बेंचवर किंवा एक्सेलमध्ये घालवली आपण. ते शिक्षण गेलं म्हणून मी रडणार नाही.

वहिनी: यातलं शेवटचं मी सही करून देईन. रटाळ कामं गेली याचं मला दुःख नाही. पण ती करता करता दहातली दोन मुलं तरी आतलं शिकायची. आता तो आपोआपचा रस्ता बंद झालाय, म्हणून शिकवणं मुद्दाम करावं लागेल. माझं भांडण तेवढ्यासाठी आहे.

भावोजी: यंत्रच शिकवतं की. आपल्या टोकावड्याकडचा तो मुलगा आठवतो ना, माझ्याकडे होता? मराठी शाळेतला. मीटिंगमध्ये दोन वर्षं तोंड उघडलं नाही त्याने, इंग्रजीत चुकेन म्हणून. आता रात्री घरी बसून मराठीत प्रश्न विचारतो, तोच प्रश्न दहा वेळा विचारतो, कुणी हसत नाही. वर्षभरात कुठल्या कुठे गेला. मी किंवा तुम्ही त्याला एवढा वेळ दिला असता?

वहिनी यावर लगेच बोलली नाही. हा मुद्दा तिला लागला होता, आणि लागायलाच हवा. आमच्या वर्गांतली कितीतरी मुलं बुद्धीने कमी नसतात, विचारायला लाजतात. न लाजता विचारायची सोय झाली ही या काळाने ग्रामीण मुलांना दिलेली मोठी गोष्ट आहे, आणि एआयवर टीका करणारे शहरातले लोक ती सहसा मोजत नाहीत.

वहिनी: खरं आहे. माझ्याकडेही पाहिलंय मी. पण त्याची दुसरी बाजू मला लीड म्हणून दिसते. पूर्वी माझ्या टेबलाशी कोण काय विचारायला येतो त्यावरून मला कळायचं, कुणाचं काय अडलंय, कुणाचा पाया कच्चा आहे. आता कुणी येतच नाही. टिकेटं वेळेवर बंद होतात, सगळं शांत. आणि एखादा बग आला की कळतं, आपण काय लिहिलं हे त्या मुलाला माहीतच नव्हतं. त्याचे प्रश्न माझ्यापर्यंत पोचायचेच बंद झाले. म्हणून मी आठवड्यातून दोनदा सगळ्यांना लॅपटॉप बंद करून फळ्यासमोर बसवते. या आठवड्यात तुझ्या नावाने जे गेलं ते मराठीत सांग, हिंदीत सांग, पण सांग. हा डेटा कुठून येतो, कुठे बिघडू शकतो, तू दुसरा कुठला मार्ग सोडलास आणि का. पहिल्या वेळी रडकुंडीला आले सगळे, सीनिअरसुद्धा.

भावोजी: सीनिअरसुद्धा?

वहिनी: त्यांना तर जास्त अवघड गेलं. पीटर नाऊर नावाच्या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये एका निबंधात मांडलं होतं की प्रोग्रॅम खरा राहतो तो बनवणाऱ्यांच्या डोक्यातल्या समजुतीत. कोड आणि कागदपत्रं हा तिचा उरलेला भाग. समज असलेली टीम मोडली की प्रोग्रॅम चालत राहतो, पण त्यात बदल करण्याची ताकद गेलेली असते. हे तेव्हा माणसं नोकरी सोडून जाण्याबद्दल होतं. आता माणसं जागेवर बसलेली असतानाच समज निघून जाऊ शकते.

प्रॉडक्शनच्या जबाबदारीवर मात्र दोघांत वाद झाला नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट कंपनीच्या एजंटने, बदल करू नका असं बजावलेलं असताना, एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसून टाकला होता. दोघांच्याही टीममध्ये एजंटला प्रॉडक्शनमध्ये फक्त वाचण्याची परवानगी आहे, आणि क्लायंटचा कोड किंवा ग्राहकांची माहिती बाहेरच्या साधनात चिकटवायला बंदी आहे. वहिनीने एवढंच जोडलं की भातसा धरणाची पातळी यंत्र दाखवतं, पण दारं उघडून सापगावच्या पुलाकडे इशारा पाठवायचा निर्णय कुणातरी माणसाच्या नावावर असतो, आणि तो माणूस नदी ओळखणारा असावा लागतो.

मग धसईचा विषय निघाला, तो निघणारच होता.

भावोजी: आपल्या शेजारचं धसई १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. मंत्री आले, बँक ऑफ बडोदाची स्वाइप मशिनं दुकानांत लागली. लोक म्हणाले, नाटक आहे. आज बाजारात जाऊन बघा, भाजीवालीपुढे क्यूआर कोड आहे. नवं साधन आलं की पहिल्यांदा सगळ्यांना खोटं वाटतं. फ्रेशरचंही तसंच. काहीतरी नवं काम निघेल, जे आज आपल्याला दिसत नाही.

वहिनी: जाहीर झालं एका दिवसात. पण मशिनं लावली म्हणून रोख संपली का? नाही. क्यूआर कोड रुजला तो नंतर, हळूहळू, जेव्हा प्रत्येक घरातल्या एका पोराने आई-आजीला पिन टाकायला, पैसे आल्याचा मेसेज ओळखायला, फसवणुकीचा फोन कापायला शिकवलं. ती शिकवणारी पोरंच गावात नसती तर? मी तुमच्याकडे तेवढंच मागतेय. शिकणारं आणि शिकवणारं माणूस टीममध्ये ठेवा. बाकी एजंट कितीही वापरा, मीही वापरते.

भावोजी: किती ठेवू?

वहिनी: सहात एक. आणि त्याला एजंटची देखरेख करायला बसवू नका. पहिले तीन महिने आठवड्यातलं एक काम यंत्राशिवाय, पूर्ण त्याचं. बग आला तर कारणाचा अहवाल त्याने लिहायचा, सीनिअरने तपासायचा. टेस्ट त्याने आधी लिहायच्या, क्लायंटचे नियम वाचून, आणि मग एजंटने कोड लिहायचा. तीस दिवसांची ती चूक अशाने पहिल्याच दिवशी पकडली गेली असती. हा शिकवण्याचा खर्चही नाही, रिव्ह्यूचाच एक भाग आहे. आणि सीनिअरच्या वार्षिक मूल्यमापनात त्याने किती टिकेटं बंद केली याच्या बरोबरीने त्याने कुणाला काय समजावलं तेही मोजा. नाहीतर तो शिकवणार नाही, आणि त्यात त्याची चूक नसेल.

भावाने होकार दिला नाही. रिव्ह्यूच्या बाबतीत तिची एक गोष्ट त्याने उचलली: आता त्याच्या टीममध्ये चारशे ओळींहून मोठा बदल रिव्ह्यूला घेत नाहीत, आणि ज्याच्या नावाने बदल आला त्याला 'हे एजंटने लिहिलंय' असं उत्तर देता येत नाही. फ्रेशरच्या जागेबद्दल तो म्हणाला, पुढच्या बजेटमध्ये बघतो. कंपनीतल्या माणसाचं हे उत्तर नेहमीचं असतं, पण माझा भाऊ शब्द वाया घालवणारा नाही.

माझा कौल वहिनीच्या बाजूने आहे, आणि ती माझी बायको आहे म्हणून नाही. भाऊ टीमचा या तिमाहीचा हिशोब बरोबर मांडतो. ती त्याच टीमचा पुढच्या दहा वर्षांचा हिशोब मांडते, आणि लीड म्हणवणाऱ्याला दोन्ही मांडता आले पाहिजेत. भावाचं एक मात्र मी माझ्या वर्गात घेऊन गेलो आहे. मुलांना मी सांगतो, यंत्राला मराठीत विचारा, लाजू नका. आणि वहिनीचंही घेऊन गेलो आहे: उत्तर मिळालं की वही बंद करून फळ्यावर येऊन समजावून सांगा.

मुंबईत, पुण्यात, ऐरोलीत टीम चालवणारे या दोन तालुक्यांतले कितीतरी जण आहेत. त्यांना माझी विनंती आहे. येत्या भरतीत एक जागा नवख्यासाठी राखा आणि कॅम्पससाठी एकदा आसनगाव, सापगाव, आटगावकडे या. मुलाखतीत मुलांकडून कोड लिहून घेऊ नका, तो आता कुणीही यंत्राकडून आणेल. दुसऱ्याने लिहिलेल्या दोनशे ओळी समोर ठेवा आणि यात काय चुकू शकतं ते विचारा, हवं तर मराठीत. त्या प्रश्नाची तयारी आमच्या मुलांकडून आम्ही करून घेऊ.